आजारपणाची वही: पुढून भीती, मागून आभार

लेक चौदा महिन्यांची असताना तिला पहिल्यांदा तापात आकडी आली. रात्रीच दवाखाना गाठला, तोवर ती शांत झोपलीही होती. डॉक्टरांनी विचारलं, "किती वेळ चालली?" मी म्हणालो, "दहा-पंधरा मिनिटं." त्याच क्षणी बायको म्हणाली, "दोन." डॉक्टरांनी आधी माझ्याकडे पाहिलं, मग तिच्याकडे. कागदावर टेकवलेलं पेन त्यांनी पुन्हा उचललं आणि तसंच हातात धरून ठेवलं.

मी पोटापाण्यासाठी हिशेब लिहितो. दिवसभर लोकांच्या पावत्या जुळवणाऱ्या मला स्वतःच्या पोरीबद्दल एक आकडा धड सांगता येईना. शेवटी फोन काढला. अ‍ॅम्ब्युलन्ससाठी केलेला कॉल २ वाजून ४१ मिनिटांनी सुरू झालेला, लांबी २ मिनिटं १० सेकंद. कॉल चालू असतानाच बायको ओरडली होती, "थांबलं, थांबलं!" म्हणजे आकडी तीन मिनिटांच्या आतबाहेरची. मग कुठे डॉक्टरांचं पेन चाललं.

त्या आठवड्यात मी एक दोनशेपानी वही आणली. त्या वहीला आता साडेचार वर्षं झाली. ओळखीत कोणाला मूल झालं की वही कशी ठेवता ते सांगा म्हणून फोन येतो, म्हणून एकदाच सविस्तर लिहून ठेवतो. डॉक्टरांना जे विचारायचं ते डॉक्टरांनाच विचारा. विचारताना तुमच्या हातात काय असावं, एवढंच मी सांगू शकतो.

आधी वहीच का

फोनमध्ये सोय असते, मान्य. पण ज्या रात्री गरज पडते त्या रात्री फोन कानाला असतो नाहीतर चार्जिंगला. शिवाय माझ्या फोनमधलं आजीला सापडत नाही आणि आजीच्या आठवणीतलं मला. कागदाची वही, तिला दोरीनं बांधलेलं पेन, आणि घरात सगळ्यांना माहीत असलेली एकच जागा. दोरी विसरू नका. आमचं पहिलं पेन दोन दिवसांत गेलं.

पहिल्या पानावर मुलाचं वजन, तारखेसकट. लहान मुलाचं जवळजवळ प्रत्येक औषध वजनावर मोजतात, वयावर नाही. वजन बदललं की जुना आकडा खोडा, खाली नवा लिहा. त्याखाली कशाची अ‍ॅलर्जी आहे का, कोणती लस कधी झाली, आणि नेहमीच्या डॉक्टरांचा आणि अ‍ॅम्ब्युलन्सचा नंबर. आणि घराचा पत्ता, फोनवर वाचून दाखवता येईल असा: मजला, कुठल्या बाजूचं दार, जवळची खूण. स्वतःचा पत्ता कोण लिहून ठेवतं म्हणून हसू नका. त्या २ मिनिटं १० सेकंदांतले पहिले वीसेक सेकंद मी जुन्या घराचा पत्ता सांगत होतो. आम्हाला ते घर सोडून दीड वर्ष झालं होतं.

रकाने

आजारपण सुरू झालं की नवं पान. रकाने पाचच: वेळ, ताप, औषध, कोणी दिलं, शू. बाकी काय वाटेल ते उरलेल्या जागेत.

"कोणी दिलं" हा रकाना आधी नव्हता. तो तिच्या तिसऱ्या तापात आला. मी पहाटे पाचला पॅरासिटामॉल पाजून आंघोळीला गेलो, बायको सहाला उठली, अंग गरम लागलं म्हणून तिनंही पाजलं. वहीत दोघांनीही लिहिलं नव्हतं, कारण दोघांनाही वाटलं, नंतर लिहू. बाटलीतली पातळी पाहून भानगड कळली. डॉक्टरांना फोन केला. त्यांनी वजन विचारलं, ते पाठ होतं: ११ किलो. कोणती बाटली, ते मात्र पुन्हा जाऊन वाचावं लागलं. त्यांनी फोनवरच हिशेब केला, पुढचा डोस वगळायला सांगितला आणि बरंच काही ऐकवलंही. तेव्हापासून नियम असा, की आधी वहीत लिहायचं, मग बाटलीचं झाकण उघडायचं.

बाटलीचं का विचारलं, ते नीट समजून घ्या. इथे चांगली शिकलेली माणसंही चुकतात. एकाच नावाच्या औषधाचे थेंब आणि सिरप यांची ताकद वेगळी असते. थेंबांच्या बाटलीत १ मिलीत १०० मिलिग्रॅम पॅरासिटामॉल असू शकतं, आणि सिरपच्या बाटलीत ५ मिलीत १२० किंवा २५०. सिरप समजून थेंब पाजले तर दुप्पट ते चौपट औषध पोटात जातं. नेहमीचा डोस किलोमागे १० ते १५ मिलिग्रॅम, दोन डोसांत किमान चार ते सहा तास, चोवीस तासांत चारपेक्षा जास्त वेळा नाही. तुमच्या मुलाला नेमकं किती मिली, हे डॉक्टरांकडून एकदा तुमचीच बाटली दाखवून लिहून घ्या आणि ते वहीत चिकटवा. मोजायला घरातला चमचा नको, सिरिंज घ्या. आणि ताप आहे म्हणून मुलाला अ‍ॅस्पिरिन कधीही देऊ नका.

ताप किती, यापेक्षा मूल कसं दिसतंय हे मोठं. १०३ असताना खेळणारं मूल मी पाहिलंय, आणि १०० ला मलूल पडलेलंही. अपवाद तीन महिन्यांच्या आतलं बाळ. त्याला १००.४ भरला की वहीबिही राहू द्या, लगेच दाखवायला न्या.

शूचा रकाना उलट्या-जुलाबात जीव वाचवतो. डायपर ओला झाला की खूण करायची, बस. सहा-आठ तास खूणच नाही, तोंड कोरडं, रडताना डोळ्यांत पाणी नाही, तान्ह्याची टाळू खोल गेलेली, यातलं काही दिसलं की निघायचं. तोवर ओआरएस, पण पेल्यानं नाही. मिनिटा-दोन मिनिटांनी एकेक चमचा. उलटी झाली तर दहा मिनिटं थांबून पुन्हा सुरू, आणखी सावकाश. हे काम भयंकर कंटाळवाणं आहे. एका रात्री मी पहाटेपर्यंत चमचे मोजले, वहीत त्याच्या पाच-पाचच्या काड्या आहेत.

श्वास मोजायला शिका, शांत दिवशी

हे आजारात शिकू नका. मूल बरं असताना, झोपलेलं असताना, पोटाकडे बघत पूर्ण एक मिनिट मोजा. पंधरा सेकंद मोजून चारनं गुणणं नको, लहान मुलं मध्येच श्वास रोखतात, मध्येच भरभर घेतात. दोन महिन्यांच्या आत मिनिटाला ६० किंवा जास्त, दोन महिने ते एक वर्ष ५०, एक ते पाच वर्षं ४०. शांत असताना मोजून इतके किंवा जास्त भरले तर श्वास जलद आहे असं डॉक्टर धरतात. आकड्याच्या जोडीला बघायचं ते श्वास घेताना बरगड्यांखाली खड्डा पडतोय का, नाकपुड्या फुलतायत का, ओठांचा रंग. असं काही दिसलं तर मोजत बसू नका. आणि शक्य असेल तेव्हा दहा सेकंदांचा व्हिडिओ घ्या. दवाखान्याच्या दारात पोचल्यावर मुलं हटकून बरी दिसतात, हा बहुतेक आई-बापांचा अनुभव असावा.

तिच्या दुसऱ्या वर्षी असाच व्हिडिओ कामी आला. रात्री एकाएकी कुत्रं भुंकल्यासारखा खोकला, आणि श्वास आत घेताना कर्कश आवाज. याला क्रूप म्हणतात. विषाणूमुळे स्वरयंत्राची जागा सुजते आणि रात्री जास्त त्रास होतो. मूल रडलं की आवाज वाढतो, म्हणून रडवायचं नाही, आडवं पाडायचं नाही, घशात डोकवायचं नाही. मांडीवर बसवून ठेवायचं. शांत बसलेलं असतानाही आवाज येत असेल तर ताबडतोब हॉस्पिटल. आम्ही गेलो. स्टेरॉइडचा एकच डोस, नेब्युलायझर म्हणजे मास्कमधून वाफेसारखं औषध, आणि मग काही तास तिथेच लक्ष ठेवलं, कारण नेब्युलायझरचा परिणाम ओसरल्यावर त्रास उलटू शकतो. त्या रात्रीचं आणखी एक आहे, ते मागच्या पानांत येईल.

आकडीचं पान

हे एक पान मी जाड पेननं लिहून वहीच्या मलपृष्ठाच्या आत चिकटवलंय. त्यावरची पहिली ओळ: "घड्याळ बघ." मग कुशीवर वळव. गळ्याजवळचं सैल कर. तोंडात काहीही नाही, बोट नाही, चमचा नाही, पाणी नाही, औषध नाही. हातपाय दाबून धरू नको. पाच मिनिटं झाली तर अ‍ॅम्ब्युलन्स. थांबल्यावर श्वास नीट नसेल किंवा बराच वेळ भानावर येत नसेल तरीही. पहिल्यांदाच आली असेल तर थांबली तरी त्याच दिवशी डॉक्टर.

पानावर न लिहिलेलं इथे लिहितो. तापातली आकडी शंभरातल्या दोन ते पाच मुलांना येते, साधारण सहा महिने ते पाच वर्षं या वयात. तीनातल्या एकाला पुन्हा येते. आमच्या लेकीला आणखी दोनदा आली, दोन्ही वेळा वहीत आकडा आहे: १ मिनिट ५० सेकंद, २ मिनिटं ५. साधी, थोडक्यात आटोपणारी आकडी मेंदूला इजा करून जात नाही. पंधरा मिनिटांपुढे गेली, अंगाच्या एकाच बाजूला आली किंवा चोवीस तासांत पुन्हा आली, तर मात्र डॉक्टर तिच्याकडे वेगळ्या नजरेनं बघतात. म्हणून त्या पहिल्या रात्री माझी "दहा-पंधरा मिनिटं" काही साधी चूक नव्हती.

आणि एक अपराधीपण मी वर्षभर वागवलं ते तुम्ही वागवू नका. मला वाटायचं, त्या रात्री बाराचा डोस झोपेत चुकला म्हणून आकडी आली. तापाचं औषध वेळेवर दिलं तरी आकडी टळत नाही. मुलाचं अंग दुखायचं थांबतं, त्याला बरं वाटतं, त्यासाठी ते द्यायचं. डॉक्टरांनी हे मला तीनदा सांगितलं. तिसऱ्यांदा मी वहीत लिहिलं, तेव्हा पटलं.

न गिळलेली बॅटरी

वहीतली सगळी पानं खऱ्या आजाराची नाहीत. अडीच वर्षांची असताना रिमोटचं झाकण उघडं, आतली चपटी गोल बॅटरी गायब, आणि लेक शेजारी बसून तोंड हलवत होती. ही बॅटरी अन्ननलिकेत अडकली तर ओल्या जागी वीज वाहून तिथे तीव्र अल्कली तयार होते आणि दोन तासांत खोल भाजू शकतं. रिमोट चालेनासा झालेली, "संपलेली" बॅटरीसुद्धा. अशा वेळी उलटी करवायची नाही, वाट बघायची नाही. मूल एक वर्षाच्या वरचं असेल आणि हाताशी मध असेल तर दर दहा मिनिटांनी दोन छोटे चमचे द्यावेत असं सांगतात, पण ते वाटेत. त्यासाठी निघायला उशीर नको. नुसता संशय असला तरी एक्स-रे.

एक्स-रेत काही नव्हतं. बॅटरी सोफ्याच्या फटीत सापडली. तोंडात होता तो तिच्या बाहुलीचा बूट.

मी तंत्रज्ञाची माफी मागायला लागलो तर तो फिल्म उजेडाला धरून म्हणाला, "रिकामी फिल्म दाखवायला मला आवडतं." हे वाक्य वहीच्या मागच्या पानावर आहे.

मागची पानं

वही उलटी करून मागून आभार लिहायचे, ही बायकोची कल्पना. मला आधी ती भाबडी वाटली. आता माझ्या मते वहीचा निम्मा उपयोग तिथेच आहे, पण तिथेही शिस्त हवी, नाहीतर "सगळ्यांचे खूप खूप आभार" अशी ओळ पडते आणि तिचा कुणालाच उपयोग नसतो.

लगेच लिहायला बसू नका. घरी आल्यावर पहिले दोन दिवस अंगात कापरं असतं, त्या वेळी कृतज्ञता वगैरे स्वतःकडून मागू नये. पहिल्या आकडीनंतर तीन आठवडे मी रात्री उठून तिच्या नाकाशी हात धरत होतो. दिवसा कामातही आकडे चुकायला लागले, तेव्हा बायको म्हणाली, "आता तू डॉक्टरकडे जा, तुझ्यासाठी." गेलो. चार भेटींत बराच उतार पडला. मुलाच्या आजारात आई-बापाचं हे दुखणं कुठल्याच रकान्यात बसत नाही, म्हणून इथे नोंदवतो.

आठवड्याभरात मात्र लिहा. कोणी, काय केलं. कसं वागलं ते नको, काय केलं ते. "नर्स प्रेमळ होत्या" असं लिहिलंत तर सहा महिन्यांनी तुम्हाला चेहराही आठवणार नाही. माझी नोंद अशी आहे: "क्रूपची रात्र. मास्क बघून ती किंचाळली. नर्सनी मास्क आधी कापडी सशाला लावला, मशीन सुरू केलं, सशाच्या नाकातून वाफ बघू दिली. मग तिनं स्वतः तोंड पुढे केलं." रडणं वाढलं असतं तर श्वास आणखी अडकला असता, हे मला नंतर कळलं.

ज्यांना कधी भेटणार नाही त्यांचंही एक पान ठेवा. बोटाला लावतात तो लाल दिव्याचा चिमटा, ऑक्सिजन दाखवणारा, त्यामागचं तत्त्व ताकुओ आओयागी या जपानी अभियंत्यानं १९७४ मध्ये मांडलं. त्याआधी हे कळायला रक्त काढावं लागे. तिच्या अंगठ्यावर तो चिमटा असताना ९७ चा आकडा बघत मी दोन तास काढलेत, मला तो माणूस आपला वाटतो. आणि ओआरएसच्या पानावर डॉ. दिलीप महालनबीस. १९७१ मध्ये बांगलादेशच्या युद्धातून आलेल्या निर्वासितांच्या बनगावच्या छावणीत कॉलरा पसरला, सलाईन संपत आलं, तेव्हा त्यांनी साखर-मिठाचं पाणी पिंपांत भरून रुग्णांच्या नातेवाइकांच्याच हाती दिलं. मृत्यूचं प्रमाण ३० टक्क्यांच्या घरातून ३.६ वर आलं. ते पाणी पाजायला तिथे डॉक्टर नव्हते, आया होत्या, बाप होते, भाऊ होते, कंटाळा न करता बसलेले. काड्या मारत बसलो होतो त्या रात्री हे माहीत असतं तर बरं झालं असतं.

एक गोष्ट मात्र आभाराच्या पानावर लिहायची नाही, यावर आमच्या घरी वाद झाला आणि मी अडून बसलो. क्रूपच्या रात्री शेजारच्या खाटेवर एक मुलगा होता, बरेच दिवसांचा दाखल. त्याची आई आमच्याकडे बघून म्हणाली, "तुम्ही सकाळी घरी जाल." सकाळी आम्ही घरी आलो आणि मला सुटल्यासारखं वाटलं. ते मी लिहिलं होतं: "आपलं एवढ्यावर निभावलं." नंतर ती ओळ खोडली. वाटणं खोटं नव्हतं. पण ते पान कधी त्या मुलाच्या आईनं वाचलं असतं तर? दुसऱ्याच्या मुलाशी तोलून जे हलकं वाटतं, त्याला मी सुटका म्हणतो. त्याची नोंद पुढच्या बाजूला, भीतीच्या पानांत करतो. बायकोला हे अजून पटलेलं नाही.

शेवटचं काम: वर्षातून एकदा, आम्ही तिच्या वाढदिवसाच्या आठवड्यात करतो, मागच्या पानांतल्या एका माणसाला जाऊन सांगायचं. पत्र द्या, फोन करा, पण "थँक यू" पुरेसं नाही, नोंद जशीच्या तशी वाचून दाखवा. लोकांना आपण नेमकं काय केलं ते सहसा कोणी सांगत नाही. ज्यांना गाठता येत नाही त्यांच्या नावानं मी रक्तदान करून येतो, तारीख पुढे लिहितो.

गेल्या वर्षी पाळी सशाच्या नर्सची होती. त्या आता दुसऱ्या वॉर्डात असतात, शोधायला दोन चकरा पडल्या. कॉरिडॉरमध्ये उभं राहून मी नोंद वाचली. त्यांनी शेवटपर्यंत ऐकलं, माझ्या लेकीकडे नीट बघितलं, मग जरा ओशाळून म्हणाल्या, "खरं सांगू का, मला नाही आठवत हो. मी सगळ्यांनाच आधी खेळण्याला लावते." तेवढ्यात त्यांना आतून हाक आली.

घरी येऊन वही मागून उघडली. त्या नोंदीच्या शेजारी थोडी जागा उरली होती. तिथे लिहिलं: "त्यांना आठवत नाही. सगळ्यांनाच करतात."